जावयाचं घड्याळ

४ फेब्रुवारी १९७३, रविवार

बघून गेले. चौघेजण आले, प्रत्येकी दोन कप चहा! टँकरच्या रांगेत आईनं सकाळी तास घालवलेला, त्यामुळं दुसऱ्या कपाला तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी मान खाली घालून बसले. तशीच बसायची असते. म्हणून मुलगा कसा आहे हे मला सांगता येणार नाही. मनगट तेवढं नीट पाहिलं. बारीक आहे. घड्याळाचा पट्टा तपकिरी, तो सैल होत असावा म्हणून दाभणानं एक जादा भोक पाडलंय, तेही वाकडं. काचेवर चाराच्या आकड्याजवळ चरा. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. एवढीच माहिती.

नाव बलभीम. सहकारी साखर कारखान्यावर वजनकाट्याला कारकून. पण हंगामी. यंदा ऊस वाळून गेला, कारखाना जानेवारीतच बंद पडला, तेव्हापासून पगार नाही. हे त्याच्या मामांनी सांगितलं नाही, त्यानंच सांगितलं. कोंडीराममामांनी त्याच्याकडं असं पाहिलं की विचारू नका.

"मास्तरीण कायम हाय न्हवं?" मामांनी दोनदा विचारलं. कायम, असं बा दोनदा म्हणाले.

७ फेब्रुवारी

ठरलं. बुद्धपौर्णिमेला, सतरा मे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. चोविसावं लागलंय, आणि नाही म्हणायला कारण तरी हवं.

विहारात पंचमंडळींसमोर कोंडीराममामा उभे राहिले — "आपुन धम्मातली मान्सं. देज न्हाय, हुंडा न्हाय, आमाला कायबी नगं. फकस्त जावयाच्या हाताला घड्याळ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बांनी सगळ्यात जास्त.

आजीच्या वेळी आमच्यात देज होतं. नवरदेवानं मुलीच्या बापाला पैसे मोजायचे आणि मुलगी न्यायची. आजीचे सव्वीस रुपये आले होते, ती अभिमानानं सांगायची! धर्म बदलला तेव्हा गावानं देज बंद केलं, हुंडाही बंद केला. घड्याळाचा ठराव करायचा राहून गेला.

पण त्याच्याकडं घड्याळ आहे की! आईला म्हटलं.

"मागून आनलं आसंल कुनाचं," आई म्हणाली. "बगायला जाताना आनत्यात गं."

असेल.

८ फेब्रुवारी

घड्याळ मी घ्यायचं. घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो तो माझाच. बा आणि आई खडी फोडायला जातात, तिथला आठवड्याचा पगार कधी तीन आठवड्यांनी होतो. धाकटे दोघे शाळेत. अनुमान काढायला मास्तरीण असायची गरज नाही.

माझ्या स्वतःच्या हाताला घड्याळ नाही. शाळा मी कळंबच्या एसटीवर भरवते. एसटी उशिरा, की शाळा उशिरा. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

धाराशिवला गेले. शरणबसप्पांचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक काचेचं कपाट आणि डोळ्याला भिंग लावलेले शरणबसप्पा. बोलताना ते भिंग काढत नाहीत, त्यामुळं एका डोळ्यानं आपल्याला फार बारकाईनं बघतायत असं वाटतं.

नवं घड्याळ सव्वाशे. पण पैसे असून भागत नाही. कोट्यावर येतात, यादीत नाव लावायचं.

"कवा मिळंल?"

"जूनपत्तर येतंय बगा, बाई."

लग्न मेमध्ये. तसं सांगितलं नाही. दहा रुपये भरून नाव लावून आले. उशिरा दिलं तर काय होतं? जावई तर कुठं पळून जात नाही.

२० फेब्रुवारी

बांना सांगितलं, नव्याला नाव लावलं. ते एकदम चिडले. "नवं कशाला? जुनं घ्यायचं!" पैशासाठी म्हणाले असते तर पटलं असतं. पण पैशाचं नाव नाही, नुसतं जुनं, जुनं!

आई उलट. "जुनं नगं. मेलेल्या मान्साच्या हातातलं काडून इकलं आसलं तर?" तिच्या मते घड्याळ थांबतं तेव्हा आत कुणीतरी बसलेलं असतं.

मला स्वतःला काय वाटतं? नव्याचा कागद मिळतो, वर्षभर काही झालं तर दुरुस्ती फुकट. जुनं निम्म्या पैशात, आणि ते चालतं हे त्यानं आधीच दाखवून दिलेलं असतं. नवं घड्याळ नव्या नवरदेवासारखं आहे, पुढं कसं चालेल याची कुणी हमी घेत नाही. (हे लिहून माझं मलाच हसू आलं.)

२ मार्च

पटावर अडतीस, हजर अकरा. बाकीची आईबापांबरोबर कामावर. अकरांतली चार सुकडी वाटून झाली की जातात.

११ मार्च, रविवार

कोंडीराममामा आले. लग्नाचं काहीच बोलले नाहीत, घड्याळाचंच बोलले. "शरनबसप्पाकडं येक जुनं आलंय. सतरा ज्वेलचं. झ्याक चालतंय. त्येच घ्या, नव्याच्या नादी लागू नगा." आमचा खर्च वाचावा म्हणून हे गृहस्थ वीस मैल एसटीनं आले!

बांनी लगेच मान हलवली. मामांचं वाक्य संपायच्या आधीच.

मला वाटलं, चला, बरी माणसं दिसतात.

१८ मार्च, रविवार

परत धाराशिव. सतरा ज्वेलचं कोणतं, विचारलं. शरणबसप्पांनी कपाटातून नाही, खालच्या खणातून काढलं.

तपकिरी पट्टा. दाभणाचं वाकडं भोक. चाराजवळ चरा.

मी ते हातात घेऊन कानाशी धरलं. चालत होतं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, कुणाचं हे?

"कारखान्यावरचा क्लार्क हाय येक. लई जीव हाय त्येचा ह्या घड्याळावर. पैल्या पगाराचं म्हनं." भिंग माझ्याकडंच. "लगीन ठरलंय पोराचं. पोरगी नोकरीवाली हाय, तिच्या बापानं देज मागितलं, दोनशे. गपचूप, कुनाला कळू न देता. त्यात ह्ये गेलं. मला म्हनला, मे महिन्यापत्तर दुसऱ्या कुनाला इकू नका, पोरीकडचेच यिऊन घिऊन जातील." मग हसले. "म्हंजे पैसं बी गेलं आन् घड्याळ बी परत आलं! डोकं हाय का न्हाय? बाई, तुमी कुनासाठी बगताय?"

भावासाठी, म्हणाले.

"मग दुसरं दावतो. ह्ये द्येता येनार न्हाय."

दुसरी दोन दाखवली. दोन्ही पाहिली. दोन्हींच्या किमती विचारल्या. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, एकही आठवत नाही.

१९ मार्च

शाळा. दोन अंकी भागाकार.

२१ मार्च

बांना विचारलं. ते कामावरून येऊन पाय धूत होते, तांब्यातलं पाणी बेतानं. खोटं बोलले नाहीत.

"व्हय. घेतलं."

आपल्यात बंद केलंय ना? पंचांसमोर तुम्हीच मान डोलावलीत!

"तुजा पगार जातोय घरातनं," बा म्हणाले. "त्यो तिकडं जानार. मिरगाला बी कशानं घ्यायचं? ह्या दोगांनी काय खायाचं?"

मला राग आला. ते खरं बोलत होते याचा जास्त आला. माझी नाही, माझ्या पगाराची बोलणी झाली आणि दोन्ही बाजूंना ती आधीच माहीत होती. मीच तेवढी नवं की जुनं करत एसटीनं फिरत होते!

पैसे कुठं गेले ते विचारलं नाही. विचारायचं काय? महिन्याभरात रेशनच्या लाल मिलोऐवजी दोनदा पांढरी ज्वारी आली होती घरात. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, आणि कालवणाला नावं ठेवली.

२५ मार्च, रविवार

बलभीमवर राग धरायचा म्हणून बसले, धरता येईना. पहिल्या पगाराचं घड्याळ! मी पहिल्या पगाराचं आईला लुगडं आणलं होतं. ते जर कुणी विकायला लावलं असतं तर मी जन्मभर बोलले असते.

१ एप्रिल

त्याला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी थोडक्यात — देजाचं मला कळलं आहे. लग्नानंतर माझा निम्मा पगार मी इकडं माहेरी, येरमाळ्याला पाठवीन, धाकटे दोघे हाताशी येईपर्यंत. हे मान्य असेल तर घड्याळ तुमचंच घेऊन देते. नसेल तर कळवावे.

बांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "कागूद टाकला का टाकायचाय?" टाकला, म्हटलं.

८ एप्रिल

उत्तर नाही.

१२ एप्रिल

उत्तर नाही. शाळेच्या विहिरीचा तळ दिसतोय.

१५ एप्रिल, रविवार

उत्तर म्हणजे कोंडीराममामा स्वतः आले. या खेपेला चहा घेतला नाही.

"निम्मा पगार हिकडं पाटवायचा तर मंग नोकरीवाली करून आमाला फायदा काय?" इतकं सरळ कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. "लगीन मोडायचं आसंल तर मोडा. दोनशे रुपय आट-दहा दिसांत परत करा. न्हायतर सतरा तारखंला गुमान हुभं ऱ्हावा."

बा खाली बघत होते. आई चुलीपुढं.

मामांनी जाताना चिठ्ठी दिली, बलभीमची. एकच ओळ. माझी स्वतःची हरकत नव्हती, मामा ऐकत नाहीत.

अक्षर चांगलं आहे. हरकत नव्हती! बस्स, एवढंच? वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांशी भांडणारा माणूस मामाशी एक वाक्य भांडू शकत नाही? पहिल्यांदा त्याच्यावर राग आला, आणि तो आल्यावर जरा बरंही वाटलं.

१७ एप्रिल

पोस्टात माझे एकशे दहा आहेत. शिक्षकांच्या पतपेढीत विचारलं, आधीचं फिटल्याशिवाय नवीन मिळत नाही. हेडमास्तरांना विचारायचं धाडस झालं नाही. बांना विचारण्यात अर्थ नाही. खाल्लेली ज्वारी कुठून परत आणायची?

२० एप्रिल

दोन दिवस विचार केला. खरं तर विचार केला नाही, मुलांच्या परीक्षा घेतल्या.

बलभीम वाईट नाही. व्यसन नाही, अक्षर चांगलं, कारखाना बंद आहे हे न लपवता सांगितलं. मामा म्हातारे आहेत, कधीतरी जातीलच. पगाराचं पुढं बघू. याहून वाईट घरी मुली नांदतात, आणि त्यांच्याकडं तर पगारही नसतो. असं मनाशी ठरवलं आणि मन फारसं काही बोललं नाही.

२१ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी घरात सांगितलं, उद्या पहिल्या एसटीनं धाराशिवला जाते. जुनंच घेते, ते खणातलं. नव्याच्या यादीतलं नाव काढून दहा रुपये परत आणते.

आई म्हणाली, बरं.

बांनी नेहमीपेक्षा अर्धी भाकरी कमी खाल्ली.

२२ एप्रिल, रविवार

पिशवी घेऊन निघाले, तर बा दारात. हातात फडक्याची गाठ. ती माझ्या हातावर ठेवली. सोडून पाहिली, दहाच्या वीस नोटा. सगळ्या!

"मोडलं न्हाईत," बा म्हणाले. "ज्वारी खडीच्या मस्टरच्या पगारातली हुती. लगीन हुईपत्तर हात लावायचा न्हाय, आसं ठरविलं हुतं. तू न्हाय म्हनली तर परत करायला लागत्याल म्हून."

मग इतके दिवस मला सांगितलं का नाही? गेल्या रविवारी मामा दारात बसून बोलत होते, तेव्हा का नाही काढले?

बांनी माझ्याकडं पाहिलं. "तू न्हाय म्हनलीसच न्हाईस की, गुलाब."

मग आज म्हणाले — नाही.