मिस ग्लेनिस चिखलात बसली, ओव्हर

२ जानेवारी. सकाळ, चहा झाल्यावर.
नवी वही. आई पत्राची सुरुवात सगळ्यांच्या तब्येतीने करायची, तशीच करतो. ग्लेनिस: ठणठणीत. हल्ली बोलते कमी, म्हणजे समाधानी आहे. माझा उजवा गुडघा: बरा. डावा गुडघा: उजव्यावर जळतो. बोसन कुत्रा: जाडजूड, प्रेमळ, वास मारतो. बेंडिगोची मुलगी जनेल: कामात बुडालेली. नात टेगन: पुढचे दात आले, आता उलटून बोलते. मिस ग्लेनिस: तिचीच तब्येत जरा नाजूक.

मिस ग्लेनिस म्हणजे आमची बोट. बायकोचंच नाव दिलं. गल्लत नको म्हणून पुढे ‘मिस’ लावलं. ग्लेनिसने तेव्हा विचारलं होतं, मग मी कोण, मिसेस? म्हटलं, बरोब्बर.

यंदाचा प्लॅन: उन्हाळ्यात पेन्सव्हिलच्या तळ्यावर शिडं, हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, हॉथमच्या डोंगरावर बर्फ, सप्टेंबरच्या वसंतात मुलीकडे. बटर फॅक्टरीत आयुष्यभर बॉयलर सांभाळला, आता ऋतूंप्रमाणे राहायचं. आणि मुख्य म्हणजे ईस्टरची जोडीची शर्यत. बोटीत नवरा-बायको दोघंच, तिसरा माणूस चालत नाही (बोसन चालतो). दर वर्षी शेजारचा केल डफिल्ड पुढे आणि आम्ही मागे. यंदा केलला पाणी पाजणार.

ग्लेनिसला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? जोडी म्हटल्यावर ती आलीच.

८ जानेवारी.
बोटीवर नवा रेडिओ बसवला. आता भर तळ्यातून केलशी खाजगीत बोलता येतं. झकास सोय.

केलला सांगितलं, मिस ग्लेनिस म्हातारी झाली रे. बूड जड झालंय. जरा वारा सुटला की करकर सुरू. वर्षातून एकदा उलटी करून खरवडून काढली पाहिजे. केल म्हणाला, मग विकून टाक आणि एखादी लहान, हलकी बघ. म्हटलं, बघून ठेवल्यात दोन-तीन, पण इतक्या वर्षांची सवय, जीव होत नाही.

केल दोनदा खोकला. मग म्हणाला, लिंडसे, आपण कुठल्या चॅनेलवर आहोत? म्हटलं, क्लबच्या. तो म्हणाला, मग मी जातो. वारा पडला असावा त्याच्याकडे.

क्लबात चहाला गेलो. स्वयंपाकघरात बायका सँडविच करत होत्या, ग्लेनिस पाव कापत होती. मी दारात उभा राहताच सगळ्या गप्प. एकेका माणसाचा दरारा असतो. ओट्यावर एक स्पीकर आहे, पण तो फक्त हवामान ऐकायला.

ग्लेनिसने माझ्या ताटलीत पावाचा कडेचा तुकडा ठेवला. नुसता. बहुधा माझ्या वजनाची काळजी.

१९ फेब्रुवारी.
ग्लेनिसचा वाढदिवस. या वेळी हात आखडता घेतला नाही. एवढं मोठं खोकं बघून तिचे डोळे लकाकले. उघडलं. आत मिस ग्लेनिससाठी नवंकोरं शीड, कोपऱ्यावर निळ्या अक्षरांत नाव. बराच वेळ बोलली नाही. भारावली होती. मग नीट घडी घातली आणि म्हणाली, छान आहे. तिला होईल हो बरोबर.

संध्याकाळी केलची बायको शर्लीन केक घेऊन आली. दोघी गच्चीवर कुजबुजत बसल्या. मला एक तुकडा मिळाला. कडेचा.

ईस्टर शनिवार. दुपार.
घाईत लिहितो. बोट हलत नाहीये, म्हणून वेळ आहे.

सुरुवात झोकात. नवं शीड टम्म फुगलं. केल पुढे, पण हाकेच्या अंतरावर. मी जवळची वाट काढली, रेमंड बेटाच्या कडेने. ग्लेनिस म्हणाली, लिंडसे, पलीकडे बघ, पेलिकन उभे आहेत. म्हटलं, असू देत. ती म्हणाली, अरे पोहत नाहीयेत, उभे आहेत. म्हटलं, पेलिकन आळशीच असतात. तिने एकदा आभाळाकडे बघितलं आणि सँडविचचा डबा मांडीवर घेतला.

मग बोट बसली. धक्का नाही, आवाज नाही, मऊसूत. म्हशीसारखी.

रेडिओवर नियमानुसार खबर दिली: मिस ग्लेनिस चिखलात बसली. ढकलून बघितली, ढिम्म हलत नाही. तिला ओढायला दोन तगडे गडी आणि जाड दोर लागेल. ओव्हर.

तेवढ्यात ग्लेनिस उठली. चपला एका हातात, डबा दुसऱ्या हातात, बोसनला हाक मारली आणि बोटीवरून खाली उतरली. पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. बेटाकडे चालू लागली. मी ओरडलो, नियम मोडतोय, जोडी पाहिजे! ती मागे न बघता म्हणाली, आहे की, तू आणि ती.

कप्तान बोट सोडत नाही. मी राहिलो. पेलिकन जवळ आले.

ईस्टर सोमवार.
केलने शर्यत संपवली, बक्षीस घेतलं, जेवला, मग दोर टाकायला आला. म्हणाला, चुकलंच माझं, तगडा गडी एकच मिळाला.

ग्लेनिसने सकाळी भांडी पुसता पुसता सांगितलं की यापुढे माझ्याबरोबर शर्यतीत उतरणार नाही. म्हणाली, मी बोट नाहीये लिंडसे, मला मधूनमधून विचारावं लागतं. रागात बोलली. बर्फावर विसरेल.

१४ जुलै. हॉथम.
डोंगर पांढराशुभ्र. एकमेकांच्या संपर्कात राहावं म्हणून हातातले रेडिओ आणले, एक तिला, एक मला. तिने तिचा गाडीत ठेवला. बॅटरी वाचवायला.

आज तिला, उतारावर माणसांना वर ओढून नेणाऱ्या दांड्याला टेकून कसं उभं राहायचं ते शिकवायचं ठरवलं. ती लग्नाआधीपासून बर्फावर घसरतेय, पण तंत्र जुनं. दांडा एकच, मध्ये दोरी, दोन्ही बाजूला एकेक माणूस टेकतो. मी समजावलं: टेकायचं, पण बसायचं नाही. मग मी बसलो.

पुढचं नीट आठवत नाही. मी उताणा, डोंगर उभा, मागून येणाऱ्या जोड्या एकेक करून मला वळसा घालत होत्या. एक बाई म्हणाली, आजोबा, बाजूला व्हा की! रेडिओवर मदत मागितली. उत्तर आलं नाही, तिचा रेडिओ गाडीत आणि गाडी दूर. शेवटी बर्फातल्या मदतनिसांनी घसरगाडी आणली, मला ब्लँकेटात गुंडाळून पट्टे आवळले आणि सगळ्या उतारावरून मिरवत खाली आणलं. असा मान प्रत्येकाला मिळत नाही. लोक थांबून बघत होते.

ग्लेनिस वर गेली. मग आणखी चार वेळा गेली. संध्याकाळी गाल लाल, हसत होती. बर्फाने काम केलं. म्हटलं, मग पुढच्या ईस्टरला? हसायची थांबली. खालचं सूप संपेल म्हणाली आणि गेली.

३० ऑगस्ट.
डावा गुडघा सुजलेला. उजवा बोलत नाही. दोघांना विश्रांती म्हणून प्लॅनचा तिसरा भाग लवकर सुरू. उद्या बेंडिगो.

६ सप्टेंबर. बेंडिगो, जनेलच्या घरी.
पोरीने जेवायला भाजलेलं मटण केलं. चांगलं झालं होतं, फक्त पुदिन्याची चटणी कशी करायची ते मी तिला तीनदा सांगितलं.

जेवणानंतर मला मागच्या अंगणात नेलं. म्हणाली, डॅड, आईला काय हवंय हे तुम्ही कधी विचारता का? म्हटलं, रोज विचारतो. चहा हवा का. ती म्हणाली, आणि? म्हटलं, साखर. तिने डोकं धरलं. तिला मायग्रेनचा त्रास आहे, आईकडून आलाय.

टेगनने विचारलं, ग्रँडपा, आजी म्हातारी झाली की तिला खरवडता का? पोरांच्या डोक्यात काय काय येतं.

१० सप्टेंबर.
ठरलं. ग्लेनिस काही दिवस बेंडिगोला राहणार. मी बोसनला घेऊन पेन्सव्हिलला परत. ती म्हणाली, बोटीकडे बघायला कोणीतरी हवं. जबाबदारीचं काम माझ्याकडेच दिलं. यालाच विश्वास म्हणतात.

किती दिवस ते विचारलं. म्हणाली, बघू.

४ ऑक्टोबर.
टोस्टवर बीन्स. वॉशिंग मशिनमध्ये पांढरे कपडे आणि बोसनचं लाल अंथरूण एकत्र घातलं. आता माझा गुलाबी शर्ट आहे. केल म्हणाला, शोभतो.

ग्लेनिसचा फोन. मजेत आहे. मागे जोरात घासण्याचा आवाज येत होता. विचारलं, काय करतेस? म्हणाली, खरवडतेय. म्हटलं, काय? म्हणाली, कळेल. म्हटलं, कधी येतेस? म्हणाली, बघू.

२१ ऑक्टोबर.
टोस्टवर बीन्स. मिस ग्लेनिसवर चक्कर. एकट्याने शीड चढवताना दोरी सुटते, दोरी धरली की सुकाणू सुटतं, सुकाणू धरलं की टोपी जाते. टोपी गेली. खरं तर हे सगळं एकच माणूस सहज करू शकतो, जर दुसरा माणूस दोरी, सुकाणू आणि टोपी धरत असेल तर.

१२ नोव्हेंबर.
बोसन दाराकडे तोंड करून झोपतो. मी त्याला समजावलं की ती येईल. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

दोन चहा केले. सवय.

९ डिसेंबर.
आली! जनेलची गाडी, मागे ट्रेलर, ट्रेलरवर शिडाची लाकडी होडी, पुढच्या सीटवर ग्लेनिस, हाताला रंग. मी धावत गेलो (उजवा गुडघा). बोसन माझ्या आधी पोहोचला.

होडी म्हणे एका शेतातली, त्यात कोंबड्या राहायच्या. मायलेकींनी आणि टेगनने मिळून खरवडली, डांबर भरलं, रंगवली. समुद्रापासून इतक्या दूर बेंडिगोत! मी म्हटलं, सुंदर, पण मला सांगितलं असतंस तर मी मार्गदर्शन... ग्लेनिस म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं.

मागच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत नाव: ओल्ड लिंडसे.

मी भारावलो.

२६ डिसेंबर. क्लबचं स्वयंपाकघर.
आज सुट्टीची शर्यत, एकेकट्याची. ग्लेनिस ओल्ड लिंडसेवर, हातातला रेडिओ घेऊन. माझ्या गुडघ्यांना विश्रांती म्हणून ग्लेनिसने मला सँडविचच्या ड्यूटीवर टाकलं. शर्लीनने ॲप्रन बांधला आणि म्हणाली, लिंडसे, कडा काढून टाकायच्या, पाव फाडायचा नाही. मी आणि सगळ्या बायका. ओट्यावरचा स्पीकर चालू. तो फक्त हवामानाचा नाही, हे आज कळलं.

खर्रर्र. मग ग्लेनिसचा आवाज, अगदी स्पष्ट. केलशी बोलत होती: ओल्ड लिंडसे जागेवर आहे. थोडा गळतो. उगाच करकरतो. डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडचा विचार करतो. मधूनमधून उलटा करून खरवडायला लागतो. ओव्हर.

केल म्हणाला, ग्लेनिस, बोटीला ‘ती’ म्हणतात, गळते म्हण. ग्लेनिस म्हणाली, नाही. हा गळतोच.

केल म्हणाला, मग विकून टाक की, एखादा तरुण, हलका बघ. स्वयंपाकघरात सुऱ्या थांबल्या. माझ्या हातातली काकडी थांबली. स्पीकर नुसता खरखरत होता. वारा असेल. मला पाव दिसेना, कांदा चिरला होता.

मग ती म्हणाली, बघून ठेवलेत दोन-तीन. पण इतक्या वर्षांची सवय. जीव होत नाही. ओव्हर.

शर्लीनने मधला, मऊ, लोणी लावलेला तुकडा माझ्या ताटलीत ठेवला.

ग्लेनिस तिसरी आली. केलच्या पुढे. पेलिकनना वळसा घालून.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
उद्याही तिची फेरी आहे. तिच्या डब्यात सँडविचखाली ठेवायला वहीचं एक पान फाडलं. त्यावर लिहिलंय ते इथे उतरवून ठेवतो:

प्रिय ग्लेनिस, तुझी तब्येत कशी आहे? हात दुखतात का? होडी गळते... गळतो का? बोसन मजेत. माझे दोन्ही गुडघे पुढे बसण्यापुरते बरे आहेत. ईस्टरला तुझ्या होडीत दुसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे का? मी दोरी धरीन. टोपी धरीन. पेलिकन उभे दिसले तर तसं सांगीन आणि बाकी तोंड उघडणार नाही. आणि तुला काय हवंय? चहा सोडून. उत्तर लवकर लिही. रेडिओवर नको.