टाच कुणाची दुखतीय

कोल्हापूर,
१० नोव्हेंबर

चि. अनू हिला आबाचा आशीर्वाद.

इकडं आम्ही सगळी खुशाल. तुझी आई बरी आहे, आक्का बरी आहे, आक्काची कुरकुर तर एकदम जोरात आहे. दिवाळीची सुट्टी संपवून तू ट्रेनिंग सेंटरला नीट पोहोचलीस हे रविवारी फोनवर कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण ते काय फोनवर बोलणं झालं? तुझ्या मागं पोरींची लाईन, इकडं आई माझ्या हातातनं फोन ओढतीय, "जेवलीस का, जेवलीस का" यातच तुमची वेळ संपते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. वर्कशॉपमध्ये लोखंडी जॉबवर खडूनं मापं लिहिण्यापलीकडं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पोलीस होणार आहेस, या गुन्ह्याला माफी दे.

एक नवीन भानगड झाली आहे. माझी टाच धरली आहे. उजवी. सकाळी अंथरुणातनं उठून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ मस्तकात जाते की कपाट धरून उभं राहावं लागतं. मग चवड्यावर चवड्यावर बाथरूमपर्यंत जायचं. जरा चाललं की कमी होतं, वाटतं गेलं. संध्याकाळी परत आहेच. आमच्या शेजारच्या लेथवरच्या जोतीरामला मागं हेच झालं होतं. "काय हुत न्हाय ओ" म्हणत त्यानं अंगावर काढलं आणि शेवटी गडी काठी घेऊन हिंडायला लागला. म्हणून मी मुकाट्यानं राजारामपुरीतल्या हाडाच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो.

त्यांनी सांगितलं ते असं. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो. त्याच्यावर फार ताण आला की टाचेजवळ तो दुखावतो. रात्रभर पाय ढिला पडला की आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. आमच्या जुन्या लेथचा पट्टा थंडीत सकाळी कसा करकरायचा, तसंच. मला लगेच समजलं.

उपाय साधे आहेत. उठल्या उठल्या पाय खाली टाकायचाच नाही. आधी अंथरुणातच पाय लांब करून टॉवेल चवड्याला अडकवायचा आणि दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढायचा. हळू, झटका द्यायचा नाही. मग भिंतीला हात टेकायचे, दुखरा पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरी ताणायची. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली खाली ठेवून, वर कापड गुंडाळून, तळवा तिच्यावरनं पुढं-मागं फिरवायचा. आणि फरशीवर अनवाणी एक पाऊल नाही. मी आता घरातसुद्धा मऊ स्लीपर घालतो. आक्का थोरल्या बहिणीच्या अधिकारानं म्हणते, "देवघराम्होरनं चपला घालून फिरतोय, सायेब झालाय ह्यो."

तिनं तिचंही औषध केलंच. वीट तापवली, वर रुईचं पान ठेवलं आणि म्हणाली, "ठेव टाच." मी नको नको म्हणतोय तोवर तिनं गुडघा धरून दाबलीच. वीट जरा जास्तच तापली होती. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

तुला हे सगळं कशाला सांगत बसलो कुणास ठाऊक. जानेवारीत तुझी पळायची परीक्षा, तिच्यावर सगळं. तुझे पाय धडच असतील. विचारत नाही.

दिवाळीत जोतिबाला गेलो त्याची मात्र आठवण येते. पोरगी भरती झाली तर अनवाणी डोंगर चढेल, असा नवस तुझ्या आईनं बोललेला. तू पंचगंगेच्या पुलापासनं चपला पिशवीत टाकल्यास आणि देवळापर्यंत तोंडातनं शब्द काढला नाहीस. आई पुढं होती. मी तुझ्या मागनं चालत होतो.

तब्येतीला जप.

तुझा
आबा

---

कोल्हापूर,
२ डिसेंबर

चि. अनू, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आईनं दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा शेजारच्या बायडाबाईंना वाचून दाखवलं. बायडाबाईंची म्हैस व्याली. खरवस आला होता, तुझ्या वाटणीचा मी खाल्ला. गुऱ्हाळं सुरू झाली आहेत, काकवी भरून ठेवली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही असा आईचा हुकूम आहे.

माझ्या टाचेची तू एवढी चौकशी केलीस, बरं वाटलं. पण काय गं, तुझे प्रश्न मी दोनदा वाचले. बर्फाची बाटली मिळाली नाही तर नळाच्या गार पाण्यात पाय धरला तर चालेल का? टॉवेल ओढताना पोटरीत कळ आली तर थांबायचं का? आणि बुटात टाचेखाली गादी घातली तर ती पळताना सरकते का?

अनू, तुझा बाप जन्मभर चप्पल घालून लेथपुढं उभा राहिलाय. मी कधी पळालो ते आठवायचं म्हटलं तर वरातीत बैल उधळला होता तेवढंच.

तरी बाईंना विचारून आलो. गार पाणी चालेल. कळ आली तर सैल सोडायचं, दात-ओठ खाऊन ओढायचं नाही. गादी दोन्ही बुटांत घालायची, एकाच बुटात घातली तर चाल बिघडते. गाद्यांचा एक जोड मी माझ्यासाठी आणला होता, दुकानदारानं दुसरा जादा दिला. घरात पडून राहण्यापेक्षा तुला पाठवतोय. माप तुझ्याच पायाचं निघालं, योगायोग.

आणि एक. पळणं काही आठवडे बंद, हे त्यांनी ठासून सांगितलं. मी विचारलं, बंद नाही केलं तर? त्या म्हणाल्या, हे दुखणं हळूहळू, काही महिन्यांत बरं होणारं आहे, पण त्याच्यावरच पळत राहिलं तर पट्टा फाटू शकतो. शिवाय पळणाऱ्या माणसाच्या टाचेच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, तपासल्याशिवाय ते कळत नाही. मी म्हटलं, बरं. मी काय पळत नाही.

तुमच्या बॅचमधल्या एका पोरीनं पाय दुखतो म्हणून सांगितलं आणि तिला पुढच्या बॅचला टाकलं, हे तू दिवाळीत जेवताना सांगितलंस. सांगताना हसत होतीस. ते हसणं मला काही आवडलं नव्हतं.

पत्राचं उत्तर लवकर दे. खरं दे.

तुझा
आबा

---

कोल्हापूर,
२२ डिसेंबर

अनू,

खुशालीचं नंतर लिहितो. काल फोनवर आईशी बोलताना "ग्राउंडवर पळणं एकदम जोरात चाललंय" म्हणालीस. मग फोन माझ्याकडं आला आणि आवाज खाली करून विचारलंस, "आबा, परीक्षेपुरतं इंजेक्शन घेतलं तर चालतं का हो? तुम्हाला बाईंनी काय सांगितलं?" मी उत्तर द्यायच्या आत तुमची वेळ संपली.

आता नाटक बंद.

माझी टाच दुखत नाही. कधीच दुखली नाही. दुखली ती फक्त आक्कानं विटेवर दाबली तेव्हा, आणि ती चांगली भाजली. चांगल्या टाचेवर फोड घेऊन मी आठवडाभर लंगडत होतो. तेवढं लंगडणं खरं.

मी तुला सरळ का विचारलं नाही? कारण तू सांगितलं नसतंस. "काय न्हाय ओ आबा" म्हणाली असतीस आणि विषय संपवला असतास. म्हटलं, बापाचं दुखणं म्हणून सांगितलं तर पोरगी निदान उपाय तरी करेल. झालंही तसंच. फक्त तू उपाय करत पळतही राहिलीस, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडं पहिल्यांदा गेलो तेव्हाची गंमत ऐक. मी सगळं बरोबर सांगितलं, सकाळची कळ, कपाट धरणं, चवड्यावर चालणं. बाईंनी पाय हातात घेतला आणि टाचेचा आतला भाग अंगठ्यानं जोरात दाबला. दुखणं तिथंच असतं हे मला कुठं माहीत, मी खुशाल बसलो. मग त्यांनी सहज बाजूला बोट लावलं, तिथं मी "अयाया" करून ओरडलो. बाई थांबल्या. चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, खरं सांगा. टाच कुणाची दुखतीय?"

मी म्हटलं, "लेकीची."

मग सगळं सांगितलं. जोतिबाच्या पायऱ्यांवर तू उजवी टाच टेकवत नव्हतीस. मी मागनं बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू कपाट धरून उभी होतीस, डोळे मिटून. मी दारात होतो, तुला दिसलो नाही. बाई रागावल्या, "अशी औषधं पोस्टानं देता येत नाहीत, तिला तिथल्या डॉक्टरांना दाखवायला सांगा." तरी माझं तोंड बघून सगळे व्यायाम करून दाखवले. इंजेक्शनचंही मी आज सकाळी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, दुखणं दाबून पळायला ते औषध नाही. तसं करून पळालीस तर परीक्षाही जाईल आणि पायही.

काल रात्री तुझ्या आईला सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण नवस तिचा होता. तिला लागणार हे मला माहीत होतं. ती पोळपाट-लाटणं तसंच ठेवून खाली बसली. खूप रडली. मग म्हणाली, "नवस मी बोलले, मग चालायचं मी की. पाय पोरीचा का घातला?" आक्का म्हणाली, "देवाला राग आला असंल काय गं?" तर आई तिच्यावरच उसळली, "देव काय आंधळा हाय? त्येला दिसलं असंल पोरगी कशी चढतीया ती. मलाच दिसलं न्हाय."

अनू, तुला त्या दिवशी चपला घालून चढता आलं असतं. एक शब्द बोलली असतीस तर मीच घालायला लावल्या असत्या. तू आईसाठी गप्प बसलीस, मी तुम्हा दोघींसाठी गप्प बसलो. आपल्या घरात सगळी एकमेकांना जपत बसली आणि दुखणं मात्र वाढलं.

आता माझं ऐक. हे पत्र मिळालं की त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडं जायचं आणि टाच दाखवायची. उजवी. कुठं दुखतं ते नीट सांगायचं, बापासारखं भलतीकडं ओरडायचं नाही. ते विश्रांती म्हणाले तर विश्रांती. पुढच्या बॅचला टाकलं तर टाकू देत. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेतो, तुझा बाप कान बहिरे करणाऱ्या मशिनींमध्ये वाढलाय. वर्दी उशिरा मिळाली म्हणून अंगाला लहान होत नाही. पण ती घालून तुला चौकात तासन्‌तास उभं राहायचं आहे, आणि त्याला पाय लागतात.

मला भीती वाटते गं. तुझी नोकरी जाईल याची नाही. तू दात-ओठ खाऊन ती परीक्षा काढशील आणि मग जन्मभर कपाट धरून उठशील, याची वाटते.

येत्या रविवारी मी आणि आई भेटायला येतोय. काकवीची बाटली, मऊ स्लीपर आणि आई तुझ्यासाठी शिवतीय तो पाय ताणायचा पट्टा आणतोय, टॉवेल हातातनं सटकतो म्हणून. आई स्वतः चप्पल घालून जोतिबाला जाऊन आली, आज पहाटे. देवाशी काय बोलली ते मला सांगत नाही.

लहानपणी वर्कशॉपच्या दारात मी दिसलो की तू पळत सुटायचीस, आठवतंय? रविवारी मी गेटवर उभा असेन. पळत येऊ नकोस. चालत ये, टाच टेकवून, जितकी टेकते तितकी. मी थांबतो.

दोन्ही टाचा धड असलेला,
तुझा आबा