बैल कुणी सोडले

आई, त्या दिवशी माझ्या बायकोला तू वाचवलंस, देवीनं, की माझ्या मूर्खपणानं, हे मला अजून ठरवता येत नाही. ज्याचं नाव दुसऱ्यांच्या अडाणीपणावर लेख लिहून झालं, त्याला हे शोभत नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी भोरच्या कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून, हिच्या पहिल्या बाळंतपणासाठी रजा काढून तोरण्याखालच्या आपल्या वाडीत आलेलो. हिला माहेर नव्हतं आणि तू गावची सुईण, तेव्हा दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. सकाळपासून ही कळा देतेय, आणि भर दुपारी आतून येणारा तुझा आवाज बदलतो. "पेटीचं कुलूप काढा. कनगीचं झाकन काढा. तिच्या केसांची येनी सोडा." घरातल्या गाठी सुटल्या की बाई मोकळी होते, हा तुझा नेम. कचेरीत देवाधर्माची टिंगल करणारा मी ओसरीवरून उठतो. ट्रंकेचं कुलूप काढतो, पिशव्यांच्या नाड्या सोडतो, स्वतःच्या बुटांच्याही सोडतो. सोडायला काही उरत नाही, तेव्हा गोठ्यात जातो आणि बैलांची दावी सोडतो. बैलांनी माझ्याकडं जरा संशयानं बघितलं आणि ते डोंगराकडं निघून गेले.

घटकाभरानं तू हात पुसत बाहेर आलीस. "पोर आडवं हाय. माज्या हातचं न्हाई आता. गाडी जुप, दवाखान्यात न्यायची."

मी रिकाम्या गोठ्याकडं बघितलं.

"बैल कुठं हायती?"

"सोडले."

"आरं, म्या घरातल्या गाठी म्हनलं व्हतं! गोठा काय घरात असतो? भोरात ह्येच शिकलास व्हय?"

मग तू देवीला हाका मारत बसली नाहीस. घोंगडी बांबूला बांधलीस, चार गडी बोलावलेस आणि वेल्ह्याच्या दवाखान्याची पायवाट धरलीस. घरात गाडी असताना अडलेल्या बाईला झोळीतून न्यायचं एरवी कुणाला सुचलंही नसतं. तू बाजूनं धावत होतीस, तोंडानं गडावरच्या देवीचं नाव, "मेंगाई हाय, मेंगाई हाय", आणि मधेच गड्यांना "खाली बगून चाला की, मुडद्यांनो!" डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर मायलेकी दोघीही हाती लागल्या नसत्या. गाडीरस्ता खिंडीला वळसा घालून जातो. बैल गोठ्यात असते तर तो अर्धा तास नक्की गेला असता.

दवाखान्याच्या पायरीवर मी म्हणालो, "म्हणजे माझ्या मूर्खपणानं वाचली."

"देवीनं वाचवली."

"माझ्या मूर्खपणातून?"

"तुज्यात दुसरं हाय काय, तिला वापराया?"

हे मी हसण्यावारी नेलंही असतं. पण पुढच्याच साली वरच्या आळीतली बाई अडली. तू तशाच गाठी सोडल्यास, या वेळी आपणहून झोळी बांधायला लावलीस, तीच पायवाट धरलीस. बाई वाटेतच गेली. त्या दिवशी तू जेवली नाहीस. तिन्हीसांजेला मात्र रोजच्यासारखा देवीपुढं दिवा लावलास. मला राग आला होता. म्हटलं, "त्या बाईची काळजी कुणी घेतली?" तू वात सारखी करत म्हणालीस, "मला न्हाई ठावं." त्या तीन शब्दांपाशी मी अजून अडकलोय. ठाऊक नव्हतं, तर दिवा कशाला? आणि मला सगळंच ठाऊक होतं, तर मी बैल कशाला सोडले?

पुढं मी या प्रसंगावर लेख लिहिला. त्यात बैल एक अडाणी सासू सोडते. भोरात पहिल्यांदा वाचला तेव्हा तू पहिल्या रांगेत होतीस. शेजारच्या बाईनं विचारलं, "खरंच का हो, तुम्ही सोडलेत?" तू पदर सावरून म्हणालीस, "व्हय, म्याच. आमी अडानी मानसं." मला ऐकू आलं. मी पान उलटलं.

दावी सोडताना मी देवीचंच नाव घेत होतो. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. माझं सगळं छापून येतं, हे पत्र छापायला देणार नाही. पुढच्या आठवड्यात सासवडला कार्यक्रम आहे, लोकांनी तोच लेख मागितलाय, आणि तिथंही बैल तूच सोडणार आहेस.