मालती अशी हाक

दिग्रस, सोमवार, ६ मार्च २००६, सायंकाळ

दुपारी घरी परतलो. ऋषिकेशचा तो प्रसंग मात्र मनातून जात नाही. मालतीला तेथे जाण्याची फार इच्छा होती. ती असताना मी रजा काढली नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. ती गेल्यावर तिची धाकटी बहीण विमल आणि साडू यांनी मला नेले. साडू म्हणाले, "भाव नाही म्हणून कापूस घरात पडून राह्यला, आपण कायले पडून राहावं?"

गंगेच्या खळाळत्या धारेत रबरी नावेतून जाण्यास मी आधी नकारच दिला होता. अखेर चष्म्याची दोरी मालतीच्या बांगडीतल्या पिनेने सदऱ्याला अडकवली आणि बसलो. पहिल्याच उसळीत नाव जवळजवळ उभी झाली, आणि मी ओरडलो, "मालती!"

एकतीस वर्षांच्या संसारात तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. चारचौघांत 'सुधाची आई', एकांतात नुसते 'अगं'. आमच्या घरची रीतच तशी. पण एकांतात मला कोणी अडवले होते?

काठावर विमल हसत म्हणाली, "भाऊजी, ताईनं हे आयकलं असतं तं गावभर पेढे वाटले असते!" मग तीच रडू लागली. मी पिनेकडे पाहत राहिलो. ती जागची हललीही नव्हती.

आता कपाट उघडून ती पिन तिच्या बांगड्यांत परत अडकवली आणि म्हणालो, "मालती, मी आलो." फार हळू झाले असावे.

पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.