समान अनुदान आणि माझी सही

३ जुलै १९७८, सकाळ
ठराव. आपल्या विधी महाविद्यालयाला सरकारी अनुदान मीच मिळवून देणार. शेजारचे धोंडीराम कदम आर्ट्‌स कॉलेजात इतिहास शिकवतात, पगार एक तारखेला, सरकारी स्केलने. मी अकरा वर्षं पुराव्याचा कायदा शिकवतोय, पगार संस्थेला सवड होईल तेव्हा. दोन्ही कॉलेजं खाजगी, विद्यापीठ एकच. मग त्यांना अनुदान आणि आम्हाला का नाही? मुद्दा बिनतोड आहे. चाळीस पानी निवेदन लिहायचं. कुणाला सांगायचं नाही. श्रेय चोरणारे फार.

७ जुलै
स्टाफ मीटिंग. हेडक्लार्क संगप्पा म्हणाला, सरकारने माहिती मागवलीय, ऑगस्टमध्ये तपासणी समिती येणार. प्रत्येकाने फॉर्म भरून सही करायची, डिग्रीची नक्कल जोडायची. नेमकं माझ्या ठरावानंतर चारच दिवसांत? विचारलं, फॉर्म कशासाठी. म्हणाला, "साधा फॉर्म हाय की सर." साध्या फॉर्मला कुणी मुद्दाम साधा म्हणत नाही. प्राचार्यांना स्टाफ कमी करायचाय, उघड आहे. घरी आणून गादीखाली ठेवला. भरणार नाही.

१२ जुलै
निवेदन, पान एक. शीर्षक चार वेळा बदललं. लायब्रेरियन नागनाथ मागे येऊन उभा. हात आडवा धरून कागद झाकला. तो म्हणाला, "सर, शाई सांडलीया." बघितलं तर खरंच. पण त्याला दिसलं कसं? म्हणजे वाचत होता.

१९ जुलै, संध्याकाळ
संगप्पा शुक्रवार पेठेत, घरी, तिसऱ्यांदा. बायकोला सांगितलं, मी कुर्डुवाडीला गेलोय म्हण. आतल्या खोलीत बसून राहिलो. त्याने चहा घेतला. मग दोघं कानडीत बोलू लागले. नीलम्माचं माहेर अक्कलकोटकडचं, संगप्पाही तिकडचाच. मी माढ्याचा, मला एक अक्षर कळत नाही. मध्येच दोघं हसले. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या आईच्या गुडघ्याचं सांगत हुते." गुडघ्यात हसण्यासारखं काय असतं?

२४ जुलै
गादीखालचा फॉर्म गायब. नागनाथवर संशय. तो आमच्या घरी कधीच आलेला नाही, म्हणजे पुरेपूर खबरदारी घेतोय.
शिक्षण खात्याला निनावी पत्र टाकलं. इथला हेडक्लार्क स्टाफची सर्टिफिकेटं गोळा करतोय, हेतू संशयास्पद, चौकशी व्हावी. खाली, 'एक न्यायप्रेमी'. वजन यावं म्हणून पुढे लिहिलं, 'पुराव्याचा कायदा शिकवणारे प्राध्यापक'.

६ ऑगस्ट
परवा समिती. निवेदन तिसऱ्या पानावर. थोडक्यात लिहिलेलं जास्त परिणाम करतं.

८ ऑगस्ट, दुपार
समितीने सगळ्यात आधी मला बोलावलं. निवेदन खिशात होतं. अध्यक्षांनी माझं पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हा विषय इथे किती जण शिकवतात. मी म्हणालो, एकच. प्राचार्य पंख्याकडे बघत होते.
अध्यक्ष म्हणाले, तक्रार असेल तर स्टाफच्या चौदाही जणांच्या अनुदानाची शिफारस थांबवावी लागेल. संगप्पाने फाइल पुढे केली. त्यात माझा फॉर्म. भरलेला, डिग्रीची नक्कल जोडलेली, खाली माझी सही. हुबेहूब. फक्त मी केलेली नव्हती.
"ही सही आपलीच ना?"
दारात सगळा स्टाफ उभा होता. नाही म्हणालो तर संगप्पाची नोकरी जाणार, अनुदानही जाणार. अकरा वर्षं मी मुलांना खोट्या सहीचं प्रकरण शिकवतोय.
"माझीच," म्हणालो.
तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं, खाली सही केली. अध्यक्षांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. म्हणाले, फॉर्मवरची बरोबर वाटते, ही जरा वेगळी दिसते. संगप्पा हळूच म्हणाला, "उनातनं आलेत सर, हात कापायलाय." मग पुन्हा केली. फॉर्मवरची बघून बघून.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
समिती अनुदानाची शिफारस करणार आहे. निवेदन कोणी मागितलं नाही.
संगप्पाला गेटवर गाठलं. सही कुणी केली, विचारलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "वैनींनी सहीसकट आणून दिला की. मला वाटलं तुमीच केलाव." मी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. खरंच ऑपरेशन आहे.
घरी नीलम्मा तांदूळ निवडत होती. विचारलं, माझी सही तुला येते कशी. तिने मान वर केली नाही. "केसरच्या प्रगतिपुस्तकावर कोन करतंय मग? तुमाला येळ कुटं आसतो."
मुलीचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं. सगळ्या सह्या माझ्या. गणितात दोनदा नापास. 
मला ती पाचवीत आहे असं वाटत होतं. सातवीत आहे.