गोंदलेल्या भुवया

आई, यंदा गुलाबाचा मोठा सीझन उरकला आणि मी भुवया गोंदून घेतल्या. तुला सांगायलाच हवं, कारण माझ्या भुवयांचा सगळा कारभार तुझ्याकडे होता. चौथीत असताना मला चाई पडली. डोक्यावरचे केस पुढं परत आले, भुवया मात्र आल्या नाहीत. तेव्हापासून परंदवडीच्या त्या घरात सकाळच्या भाकरी झाल्या की तू मला चुलीपुढं बसवायचीस, काडीपेटीतल्या काडीचं मागचं टोक काजळात बुडवायचीस आणि माझ्या कपाळाखाली दोन रेघा ओढायचीस. मग मी शाळेत जायची. एकदा मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलीनं ओल्या रुमालानं माझी एक भुवई पुसली आणि मी एकाच भुवईनं रडत घरी आले. आता शाळेत जाणार नाही म्हणाले. तू तांदूळ पाखडत होतीस. सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "पुसली तर पुसली. तोंड तर हाय ना जाग्यावर? शाळा बुडवायची न्हाई." कोंडा लागलेल्या हातानंच पुसलेली भुवई परत काढलीस आणि पाठीवर हात ठेवून मला दाराबाहेर काढलंस. मी पोचले तेव्हा वर्ग भरला होता.

दुसरा दिवस आठवतो तो घोरावाडीचे पाहुणे मला बघायला आले तेव्हाचा. त्या दिवशी भुवया तूच काढल्या होत्यास, एरवीपेक्षा बारीक आणि सफाईदार. मी पोहे दिले, चहा दिला, नाव-शिक्षण सांगून झालं. मग तू पदराचं टोक पाण्यात बुडवून आतून आलीस आणि सगळ्यांसमोर माझ्या दोन्ही भुवया पुसून टाकल्यास. "आत्ताच बगून घ्या," तू म्हणालीस. "पोरीला भुवया न्हाईत. ल्हानपणी चाई पडली, परत आल्या न्हाईत. बाकी काय दुखनं न्हाई. उद्या आमी फसवलं म्हनू नगा." वडील उठून उभेच राहिले. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. मग मुलाची आई उठून माझ्याजवळ आली, तिनं माझी मान उजेडाकडं वळवली आणि विचारलं, "उन्हात काम करताना डोळ्यात घाम जात असंल न्हाई गं?" मी मान हलवली. "मग टावेल ठेवत जा जवळ," ती म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली. चहा गार झाला होता तो सगळ्यांनी तसाच प्याला. लग्न ठरलं.

मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. तू समजूत काढली नाहीस. एकदाच म्हणालीस, "धर राग. पर तितं तुला लपून बसाया लागनार न्हाई." तू बरोबर होतीस की नाही, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. सासरी माहीत होतं हे खरं. तरी मी रोज सगळ्यांच्या आधी उठून पेन्सिलीनं भुवया काढत आले. आमची पोर रांगायला लागली त्या वर्षी तू काविळीनं गेलीस. तुझ्या तेराव्यालासुद्धा मी भुवया काढूनच आले होते.

आता मी तळेगावच्या बाजूला एका गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला आहे. प्लास्टिकच्या छपराखाली गुलाबाच्या रांगा असतात आणि आत असा दमट उकाडा असतो, की सकाळी काढलेल्या भुवया चहाच्या सुट्टीपर्यंत गालावर आलेल्या असतात. बायका हसत नाहीत, सवय झाली आहे त्यांना, पण नवीन कोणी आलं की बघत राहतं. आमची पोर आता नर्स झाली आहे. तीच एकदा म्हणाली, "मम्मी, हे गोंदून मिळतं आता. वर्ष-दोन वर्षं टिकतं, मग फिकं होतं. पण आधी डॉक्टरला दाखवायचं, त्याशिवाय मी नेणार नाही." सासूबाई दारातच होत्या. त्यांनी स्वतःच्या हातावरचं हिरवं गोंदण वर करून दाखवलं आणि म्हणाल्या, "फिकं व्हनारं असलं गोंदायचंच कशाला?" पोरीनं त्यांना बराच वेळ समजावलं. पटलं नाही, पण नको असंही त्या म्हणाल्या नाहीत.

चामडीच्या डॉक्टरांनी कपाळ बघितलं, चाई आता शांत आहे म्हणाले, शुगर तपासायला लावली, जखम भरल्यावर डाग फुगून वर येतो का ते विचारलं. मग पार्लरच्या बाईनं कानामागं थोडा रंग लावून पाहिला आणि खाज येते का, पुरळ उठतं का, ते बघायला सांगून घरी पाठवलं. काही झालं नाही. आदल्या आठवड्यात चेहऱ्याला कसलं क्रीम लावायचं नाही, मनानं दुखण्याची गोळी घ्यायची नाही, उन्हात तोंड भाजून यायचं नाही, त्या दिवशी सकाळी चहासुद्धा नको, असं तिनं बजावलं होतं. सगळं जमलं, चहाचं तेवढं जड गेलं. अवघड होतं ते वेगळंच. गोंदल्यावर आठ-दहा दिवस घाम येता कामा नये, आणि माझं काम पॉलीहाऊसमध्ये. सुपरवायझरकडे गेले, म्हटलं, मला थोडे दिवस फुलं निवडायच्या हॉलमध्ये घ्या, तिथं गार असतं. त्यांनी विचारलं, "का? बरं नाही का?" पोटात दुखतं, असं सांगायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "मला भुवया नाहीत. गोंदून घेणार आहे." ते क्षणभर माझ्या कपाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. सोमवारपासून या हॉलला."

पार्लर तळेगाव स्टेशनजवळ आहे, वरच्या मजल्यावर. ती बाई म्हणाली होती, रोज काढता तशाच भुवया काढून या, म्हणजे तुमच्या चेहऱ्याची सवय मला कळेल. तशी गेले. तिनं माझ्यादेखत नवीन सुईचं पाकीट फोडलं, मग रंग लावलेला दोरा कपाळावर ताणून मापं घेतली. थोडी थांबली. "काकू, डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. मुद्दाम काढता?" मी म्हटलं, मला तर त्या सारख्याच दिसतात. तिनं आरसा दिला, दोरा धरून दाखवला. खरंच वर होती. मग माझ्या लक्षात आलं. तू चुलीच्या अंगानं बसायचीस, एका बाजूनं वाकून काढायचीस, आणि माझी डावी भुवई कायम थोडी वर जायची. तू काढलेल्या रेघा आरशात बघून मी शिकले, आणि इतकी वर्षं तीच चूक माझ्या चेहऱ्यावर काढत आले. "सारख्या करू का अशाच ठेवू?" तिनं विचारलं. मी आरसा तिच्या हातात परत दिला. मग म्हटलं, "सारख्या करा."

बधिर करायचं क्रीम लावूनही लागलं, पण गुलाबाचे काटे रोज हाताला लागतात, त्याहून जास्त नाही. एकेक केस ओढावा तशी बारीक रेघ ती कोरत होती आणि कपाळात कागद फाटल्यासारखा आवाज येत होता. उठून पाहिलं तर भुवया काळ्याभोर आणि कडेनं लाल सुजलेल्या. घरी आल्यावर तुझे जावई म्हणाले, "फौजदारीण आली." पुढचे दोन दिवस रंग आणखी गडद झाला. आंघोळ गळ्याखालून करायची, तोंड ओल्या कापसानं पुसायचं, तांदळाच्या दाण्याएवढं मलम लावायचं, चुलीपुढं बसायचं नाही. भाकरी सासूबाईंनी केल्या, दर भाकरीला एकदा माझ्याकडं बघत. मग खपल्या धरल्या आणि अशी खाज सुटली की विचारू नकोस. नख लावलं तर रंग खपलीबरोबर निघतो, म्हणून नुसतं हलकं थोपटायचं. झोपेत हात जाईल म्हणून पोरीनं मला सुती मोजे घालायला दिले. खपल्या पडल्या तेव्हा खाली काहीच नव्हतं, फिकट राखाडी डाग तेवढे. मी आरशापुढं रडले. पोरीला फोन केला तर म्हणाली, "मम्मी, असंच होतं. रंग वर यायला वेळ लागतो. पेन्सिलीला हात लावू नकोस." मी लावला नाही. रिकाम्या कपाळानं हॉलमध्ये गेले, फुलं निवडली, डबा खाल्ला, परत आले. तशी मी शाळेत असल्यापासून बाहेर पडले नव्हते. हळूहळू रंग वर आला, तपकिरी, एकेका केसासारखा.

महिन्या-दीड महिन्यानं राहिलेल्या फटी भरायला परत गेले. आता ती बाई ओळखीची झाली आहे. काम करता करता तिनं सहज विचारलं, "काकू, तुमच्या आईच्या भुवया कशा होत्या? दाट का विरळ?" मी लगेच म्हटलं, "दाट. कमानीसारख्या." ती बरं म्हणाली आणि त्याप्रमाणं टोकाला थोड्या रेघा वाढवल्या. चांगल्या दिसतात. हॉलमधल्या बायकाही म्हणाल्या, आता मूळच्या वाटतात.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथं कबूल करते. मी तिला ठोकून दिलं. तुझा एकच फोटो आहे, त्यात पदर कपाळावर पुढं ओढलेला आहे, एरवीही तू तसाच ओढायचीस. आणि तू रोज माझ्या चेहऱ्याच्या इतकी जवळ असायचीस तेव्हा काजळ डोळ्यात जाऊ नये म्हणून मी डोळे मिटून घ्यायची. तुझ्या मिशरीचा वास आठवतो, हनुवटीवरचं तुझं बोट आठवतं. तुझ्या भुवया कशा होत्या ते मला माहीत नाही.