उत्तर दिशा नंतर टाकू

१२ जानेवारी १९८८, मंगळवार
"आधी उत्तर दिशा लिही, मग बाकीचं काढ." नववीत भूगोलाच्या दत्तोपंत सरांनी हे म्हणून माझ्या नकाशावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली. पंचवीस वर्षं झाली, ती रेघ अजून दिसते.
आज विसरायची. संगणक केंद्रात नाव नोंदवलं. एम.फिल.चा प्रबंध : कुही तालुक्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तलाव-बोड्या, म्हणजे लहानमोठी तळी. नकाशा कॉम्प्युटरवर! आमच्या इतिहास विभागात हे कुणी केलेलं नाही.
आई गेल्यावर जयवंता मावशीने मला सात वर्षं तिच्या गावी वाढवलं. तिथली बोडी बुजवून आता धान लावतात. ती निदान माझ्या नकाशात राहील.
मुदत ३० एप्रिल. दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही. पण मार्चमध्येच संपेल. एप्रिलमध्ये आराम.

२० जानेवारी
बर्डीवर बाजारात दत्तोपंत सर भेटले. नंदनवनला राहतात, रिटायर झालेत. नकाशाचं ऐकून म्हणाले, शाईने काढून देतो, हात अजून स्थिर आहे. मी म्हटलं, सर, आता हात कोण वापरतं? मशीन काढतं. सर हसले नाहीत. उत्तर दिशा लिहिलीस का, एवढंच विचारलं. ती नंतर टाकता येते, म्हटलं.
मस्त वाटलं. (घरी आल्यावर तितकं नाही.)

३ फेब्रुवारी
शिसारी. केंद्रात चपला बाहेर काढायच्या, आत एसी. चाळीस मोज्यांचा वास त्या थंडीत गोठून बसलेला. ऑपरेटर मार्तंडच्या तोंडात अखंड तंबाखू-सुपारीचा खर्रा. की-बोर्डवर सुपारीचा भुगा.
काम मात्र सोपं. पाटासारखं टेबल. त्यावर जुन्या नकाशावरून मी शाईने काढलेलं ट्रेसिंग चिकटवायचं, भिंगाचा ठोकळा एकेका बिंदूवर नेऊन बटण दाबायचं, की तो बिंदू मशीनमध्ये. माझ्यासारखीला आठवडाभराचं काम.

११ फेब्रुवारी
नऊ बोड्या. राहिल्या दोनशे तीन.
ठोकळ्याखाली माझी शाई फिसकटते. तासाभरात उपाय शोधला : ट्रेसिंग पालथं चिकटवलं! रेघा आरपार दिसतातच. आकडे उलटे दिसतात, पण ऑफिसात कारकुनी करताना साहेबांच्या टेबलावरचे कागद समोर उभी राहून वाचायची मला वीस वर्षांची सवय. झालेल्या नऊ पुसून पुन्हा केल्या, सगळं एकसारखं असावं.
मार्तंड म्हणाला, "मॅडम, हे पालथं काहून..." आधी थुंकून ये, मग बोल, म्हटलं. गेला तो चहा पिऊनच आला.

१४ मार्च, सोमवार
संपलं! प्लॉटरने नकाशा चार रंगांत काढला. हिरवं पेन वाळल्यामुळे जंगल तेवढं फिकट आहे.
उत्तर दिशेचा बाण राहिला. नंतर टाकू.
सगळं फ्लॉपीवर घेतलं आणि मशीनमधली माझी फाइल मार्तंडला पुसायला लावली. लोक चोरतात. "राहू द्या ना मॅडम, कामी पडते," म्हणत होता. पुसेपर्यंत डोक्यावर उभी राहिले.
घरी आल्यावर फ्लॉपी प्रबंधाच्या फाइलला लावली. पंच, टॅग, गाठ. वीस वर्षांत माझ्या टेबलावरचा एक कागद हरवलेला नाही.

२४ एप्रिल, रविवार
मावशी आली. नकाशा जमिनीवर पसरला. तिला वाचता येत नाही, म्हणून बोटाने दाखवलं : इकडे उगवत, ही नदी, हे आपलं गाव, ही आपली बोडी.
तिने बोट गावावरून बोडीपर्यंत नेलं. मग, "अवं प्रेमिला, सकाळी बोडीवर जाताना ऊन पाठीवर राहे आपल्या. इथं तर डोळ्यात जाऊन राहिलं."
म्हटलं, मावशी, हे कॉम्प्युटरने काढलंय.
"त्याले कुहीचं काय ठाव? तो आला होता काय कधी?"
चिडून जुनं ट्रेसिंग आणलं. सुलटं धरलं. बोडी गावाच्या पश्चिमेला. कॉम्प्युटरच्या नकाशात पूर्वेला.
दोनशे बाराही बोड्या उलट्या.
मावशी म्हणाली, जेवून घे.

२५ एप्रिल
मार्तंड हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, एक मायनसचं चिन्ह टाकून सगळं सुलटं करतो, दोन मिनिटांचं काम. फ्लॉपी द्या.
फाइल पुढे केली. त्याने गाठ सोडली. फ्लॉपी उजेडाकडे धरली. खर्रा चघळायचा थांबला.
"मॅडम, हिले भोकं काहून पाडली?"
मशीन १५ मेपर्यंत परीक्षेच्या निकालांना दिलंय.

२६ एप्रिल
फ्लॉपीला मधोमध एक मोठं भोक कंपनीच पाडून देते. आणखी दोन पाडल्याने बिघडतं, हे कुठे लिहिलं होतं? मार्तंडने सांगायला हवं होतं. गाइडने सांगायला हवं होतं.
दुपारी स्वतःच पेन घेऊन बसले. तीन कागद फाडले. माझी रेघ नववीतल्यासारखीच थरथरते.
मला स्वतःचाच वीट आलाय. कॉम्प्युटर आला नव्हता कधी कुहीला, ठीक. मी तर सात वर्षं त्याच वाटेने गेले होते. पाठीवरचं ते ऊन मलाही ठाऊक होतं.

२७ एप्रिल, पहाटे
सरांना चिठ्ठी. इथे कच्ची लिहिते, मग नंदनवनला नेऊन देईन.
"सर, बर्डीवर मी जे बोलले ते तुम्ही विसरला नसाल. विसरू नका. दोनशे बारा बोड्या आहेत, दिवस तीन. तुम्ही नाहीच म्हणाल, आणि ते बरोबरच होईल. तरी विचारते. ट्रेसिंग सुलटं आणते आहे. कोरा कागदही आणते आहे, त्यावर उत्तर दिशा तेवढी मी लिहिली आहे. बाकीचं काढून द्याल का?"